पाहुण्यांना कात्रजचा घाट दाखवू नका

कात्रज, भिलारेवाडी, आंबेगाव, धनकवडी, बालाजीनगर आणि आसपासचे सगळे रहिवासी, दुकानदार, रिक्षावाले काका आणि कॉट बेसिसवर मुलं ठेवणारे घरमालक यांना कळकळीचं आवाहन.

मंडळी, येत्या जोडून आलेल्या सुट्ट्यांत तुमच्याकडे पाहुणे येणार आहेत. कुणाचा पुतण्या कॉलेजच्या प्रवेशासाठी येईल, त्याच्याबरोबर त्याचे आईवडील येतील, आणि गाडीत जागा आहे म्हणून आत्याही येतील. सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर या अंगाच्या माणसाला पुणं लागतं तेच मुळी कात्रजला. एसटी असो की ट्रॅव्हल्स, अर्धी गाडी इथंच रिकामी होते. बॅगा आत ठेवून होतात, चहा येतो आणि कप खाली ठेवायच्या आत प्रश्न येतो, "इथं जवळपास बघण्यासारखं काय आहे हो?" त्यावर आपल्या तोंडून विचार न करता निघणारं उत्तर ठरलेलं असतं, "अहो, घाटात जाऊन या की! काय धबधबे लागतात आत्ता!"

हे उत्तर या पावसाळ्यात देऊ नका. माझं सगळं मागणं एवढंच आहे. बाकीचा मजकूर त्यामागची कारणं सांगण्यासाठी आणि त्या उत्तराऐवजी काय सांगायचं ते सांगण्यासाठी आहे.

पाहुणा फलकावर विश्वास ठेवत नाही, तुमच्यावर ठेवतो. रस्त्याकडेला 'धोका' असं लाल अक्षरात लिहिलेलं असलं तरी त्याच्या मनात असतं की दादा इथंच राहतात, त्यांनी सांगितलंय म्हणजे काही होत नाही. आपण मात्र ते वाक्य टीव्हीकडे बघत, वेळ निभावून नेण्यासाठी बोललेलो असतो. आपण स्वतः त्या घाटात पावसाळ्यात शेवटचं कधी थांबलो होतो, हेही आठवत नाही. आपण जातो दुचाकीवरून, रेनकोट घालून, खाली मान घालून, आणि नजर फक्त पुढच्या ट्रकच्या टपावर. वळणावर गाडी लावून मुलाबाळांसह पाण्यात उतरायचं असतं, हे कात्रजमध्ये वाढलेल्या माणसाच्या डोक्यातही येत नाही. ते पाहुण्याच्या डोक्यात येतं, कारण त्याने तेवढाच भाग रीलमध्ये पाहिलेला असतो.

रविवारी दुपारी जुन्या घाटात काय चित्र असतं ते बघा. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला दरी आणि मधे दोन गाड्या जेमतेम सुटतील एवढा रस्ता. कड्यावरून पाण्याची एक धार पडते आहे. धबधबा म्हणावा असं त्यात काही नाही, पावसाने धरलेली ओघळ आहे ती. तिच्यासमोर, बरोबर वळणाच्या तोंडाशी, बाहेरगावच्या नंबरची गाडी उभी आहे. चारही दारं उघडी, त्यातली दोन रस्त्याच्या बाजूला. आजी नऊवारी सावरत सीटवर बसून भाजलेलं कणीस सोलून दाणे नातवाच्या हातावर ठेवते आहे. नातू दाणे खात खात एकेक पाऊल मागे सरकतो आहे, आणि मागे पांढरा पट्टा आहे. बाप मोबाइल आडवा धरून, "अजून थोडं मागं, पाणी दिसत नाहीये," म्हणतो आहे. धुक्यातून उतरणारा टेम्पो त्यांना दिसणार नाही आणि टेम्पोवाल्याला ते दिसणार नाहीत. त्यातून वर बघायला कुणाला सवडच नसते. वर मुरमात रुतलेले धोंडे असतात आणि तीन दिवस भिजलेला मुरूम ते धरून ठेवत नाही.

ही भीती घालायची म्हणून घातलेली भीती नाही. जून २०१३ मध्ये घाटाच्या पलीकडच्या अंगाला, नव्या बोगद्याजवळ शिंदेवाडीला, पहिल्याच मोठ्या पावसात डोंगरावरून लोंढा थेट महामार्गावर आला. एक आई आणि तिची तान्ही लेक त्यात वाहून गेली. त्या दोघी काही धबधबा बघायला थांबलेल्या नव्हत्या, हमरस्त्यावर होत्या. वर डोंगर फोडून प्लॉट पाडले होते, ओढ्याची वाट बुजवली होती, पाण्याने आपली वाट स्वतः काढली. त्यानंतर चौकश्या झाल्या, डोंगरफोडीवर बरंच बोललं गेलं. डोंगर अजूनही कुठे कुठे फुटतोच आहे.

३० जून २०२४ चा रविवार तर तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेला आहे. लग्नानिमित्त एकत्र आलेलं हडपसर भागातलं एक कुटुंब बस करून लोणावळ्याला गेलं होतं. भुशी धरणाच्या मागच्या बाजूला धबधब्याच्या पात्रात सगळी उतरली, वर पाऊस वाढला आणि बघता बघता त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाणी झालं. एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसं डोळ्यांसमोरून जात नाहीत. पाच जण गेले, त्यात चार मुलं. पुढच्याच वर्षी १५ जून २०२५ ला, पुन्हा रविवारीच, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चौघांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. तो पूल धोकादायक आहे, हे गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पाहुण्यांना.

म्हणूनच हे आवाहन पाहुण्यांना उद्देशून लिहिलेलं नाही. ते वाचणार नाहीत, आणि वाचलं तरी त्यांना जुना घाट कुठला आणि दरी पूल कुठला हे कळणार नाही. ते तुम्हाला कळतं.

पाण्याबद्दल एक गोष्ट मात्र पाहुण्यांना नीट समजावून सांगा, कारण सपाटीवरच्या माणसाला ती पटत नाही. आपल्या डोंगराला वर बोटभर माती आणि खाली काळा पाषाण. पडलेलं पाणी मुरायला जागा नाही, ते उतारानं सुटतं. घाटाच्या माथ्यावर पडलेला पाऊस अलीकडे आपल्या तळ्यांत आणि आंबिल ओढ्यातून मुठेला जातो, तर पलीकडे शिवगंगेतून नीरेच्या खोऱ्यात. तुम्ही उभे आहात तिथे ऊन पडलेलं असेल आणि वर दोन किलोमीटरवर कोसळत असेल. पाणी चढताना सांगून चढत नाही. पण आपल्या भिलारेवाडीच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, खुणा ते सांगतात. निवळ पाणी एकाएकी लालसर गढूळ झालं, त्यात पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या, आवाज घोगरा झाला, की चपला शोधत बसायचं नाही, काठावर यायचं. ही खूण पाहुण्यांच्या पोरांना शिकवा. ती कुठल्याही नदीवर कामाला येईल.

आता गाडीचं. साताऱ्याकडून येणाऱ्या पाहुण्याला शिंदेवाडीला दोन वाटा फुटतात. एक जुन्या घाटाने चढून, जुन्या बोगद्यातून कात्रज चौकात उतरते. दुसरी नव्या बोगद्यातून दरी पुलावरून नवले पुलाकडे जाते. तुमचं घर कुठल्या वाटेला आहे हे निघण्याआधीच फोन करून सांगा. शिंदेवाडीला आल्यावर सांगू नका, आणि "मॅपवर टाक" तर अजिबात नको. चुकलेला माणूस त्या उतारावर मधेच गाडी बाजूला घेऊन तुम्हालाच फोन लावतो, आणि त्या रस्त्यावर थांबणं यासारखा दुसरा धोका नाही. नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे महाभाग आहेत, जड गाड्यांचे ब्रेक तापतात आणि लागत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने तिथे पन्नासच्या आसपास गाड्या ठोकरल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात पुन्हा कंटेनर धडकून आग लागली, माणसं गेली. पाहुण्यांना सांगा, बोगद्यातून बाहेर पडलं की खालचा गिअर, जड गाड्यांपासून अंतर, आणि फोटोसाठी थांबायचं नाही. दरी पुलावरून खालचं पुणं दिसतं खरं, पण चालत्या गाडीतून दिसतं तेवढं पुरे.

गाडी घरी पोचली की आणखी एक चूक आपल्याकडे नेहमी होते. सोसायटीत पार्किंगची मारामार, मेंबरांच्याच गाड्या मावत नाहीत, मग पाहुण्यांची गाडी 'बाहेर लावा, ओढ्याच्या कडेला जागा असते.' असते खरी, पण ती मोकळी का असते हे विसरू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत प्रत्येक गल्लीला ठाऊक आहे. गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या, टांगेवाले कॉलनीत माणसं दगावली, आणि त्याच रात्री खेड शिवापूरला दर्ग्यापाशी झोपलेल्या लोकांना पाण्याने नेलं. पाहुण्यांची गाडी चढावरच्या रस्त्याला लावा, पाच मिनिटं चालायला लागली तरी चालेल. आणि रात्री पाऊस वाढला तर गाडी काढायला ओढ्याकडे कुणी धावायचं नाही, हे झोपायच्या आधीच घरात बोलून ठेवा.

आता मुद्द्याचं: पाठवायचं कुठे? "कुठे जाऊ नका" एवढंच सांगितलं की पाहुणा तुम्हाला वळसा घालून तिथेच जातो. म्हणून हातात दुसरं काहीतरी भरीव द्यायला हवं, आणि ते द्यायला कात्रज काही दरिद्री नाही. आपणच ते बघितलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

माझी शिफारस अशी. एक दिवस पाहुण्यांना नानासाहेब पेशव्यांच्या पाण्याच्या मागोमाग पाठवा. अठराव्या शतकाच्या मध्यावर पुणं वाढत होतं, पेठा वसत होत्या आणि शहरात पिण्याच्या पाण्याची चणचण होती. नानासाहेबांनी कात्रजच्या डोंगरातलं पाणी इथे बांध घालून अडवलं आणि जमिनीखालून दगडी बांधणीच्या नळाने पार शनिवारवाड्यापर्यंत नेलं. नळ म्हणजे पाइप नव्हे, आत माणूस उभा राहू शकेल असं भुयारच. त्याला जागोजागी उच्छ्वास ठेवले होते, म्हणजे हवा खेळायला आणि आत उतरून गाळ काढायला वरपर्यंत बांधत आणलेली मोकळी दगडी तोंडं. पंप नाही, वीज नाही, सगळा कारभार उताराचा. कात्रजचं तळं उंचावर, वाडा सखल भागात, मधे पाणी निवळत निवळत जाणार. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव हौद ही नावं पाहुण्यांनी ऐकलेली असतात, पण त्या हौदांत आपल्या डोंगरातला पाऊस जात होता हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगा. शनिवारवाड्याचं हजारी कारंजं उडत होतं तेही याच पाण्यावर.

तेव्हा सकाळी तळ्यापासून सुरुवात करा. काठाशी उतरायचं नाही, वरूनच बघायचं. तिथून सातारा रस्त्याने सरळ शहराकडे. धनकवडीला शंकर महाराजांचा मठ वाटेतच आहे. महाराजांनी १९४७ मध्ये इथे समाधी घेतली. गुरुवारी गर्दीची तयारी ठेवून जावं, इतर दिवशी निवांत बसता येतं. पुढे पर्वती. १०३ पायऱ्या आहेत, रुंद आणि बेताच्या चढाच्या, त्यामुळे आजींनाही दम घेत घेत जमतात. मात्र पावसात दगड गुळगुळीत होतो, कठड्याच्या बाजूने चढवा. वर देवदेवेश्वर आहे, नानासाहेबांचा मुक्काम तिथे असे, त्यांचा अंतही तिथेच झाला. पानिपतानंतर काही महिन्यांत, १७६१ मध्ये. वरून दक्षिणेकडे तोंड केलं की धुकं नसेल तर कात्रजचा डोंगर दिसतो, आणि मग पाहुण्यांना ते पाणी किती लांबून आलं याचा अंदाज येतो. खाली सारसबाग. आज जिथे बाग आहे तिथे तळं होतं. आंबिल ओढ्याचं पात्र वळवून ते नानासाहेबांनीच करून घेतलं, मधल्या बेटावर सवाई माधवरावांनी १७८४ मध्ये गणपती बसवला. तळं गेलं, गणपतीचं नाव मात्र 'तळ्यातला' असंच राहिलं. तिथून शनिवारवाडा.

या सगळ्याला कात्रज स्थानकावरून पीएमपी मिळते. गाडी काढूच नका. देशातल्या पहिल्या बीआरटीचा प्रयोग २००६ मध्ये याच स्वारगेट-कात्रज रस्त्यावर झाला. त्याने काय साधलं यावर चहाच्या टपरीवर वाद घालायला पुष्कळ वाव आहे, पण बसची मुबलकता खरी. कात्रज चौकाच्या कोंडीत पाहुण्यांचा रक्तदाब वाढवण्यात काही अर्थ नाही. मेट्रो येईल तेव्हा येईल. स्वारगेट ते कात्रज भुयारी मार्गाचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं आहे. आपल्या नशिबी पुण्याला पुन्हा भुयारानेच जोडलं जाणं दिसतंय.

मुलं असतील तर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. सर्वांना माहीत आहे, म्हणून फार लिहीत नाही, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. बुधवारी ते बंद असतं. दर बुधवारी फाटकापाशी डबे घेऊन उभी असलेली बाहेरगावची कुटुंबं दिसतात आणि त्यांना आदल्या रात्री कुणी सांगितलं कसं नाही याचं नवल वाटतं. दुसरं म्हणजे सव्वाशे एकरांहून मोठा परिसर आहे, तेव्हा सकाळीच जा, भराभर उरकू नका, आणि सर्पोद्यान शेवटी टाकू नका. पुण्याच्या सर्पोद्यानामागे नीलिमकुमार खैरे यांचा ध्यास आहे. १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहिलेला हा माणूस. सापाला डिवचलं नाही तर तो चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवून द्यायचं होतं. पाहुण्यांच्या पोरांना ही गोष्ट आधी सांगून मग आत न्या, काचेपुढून हलणार नाहीत.

इतिहासाची आवड असलेले पाहुणे असतील तर आंबेगावची शिवसृष्टी. बाबासाहेब पुरंदऱ्यांचं स्वप्न ते. त्यातला सरकारवाड्याचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ ला खुला झाला. सगळं छताखाली असल्यामुळे धो धो पावसाच्या दिवसाला हाच उत्तम उपाय. कोंढव्याच्या रस्त्यावर इस्कॉनचं मंदिर आहे, तेही भर पावसात जमण्यासारखं. फक्त कात्रज-कोंढवा रस्ता संध्याकाळी धरू नका, दर्शनापेक्षा रस्त्यातच जास्त वेळ जाईल.

बाहेर जायचाच हट्ट असेल तर दक्षिणेला, पण नव्या बोगद्याने आणि उजेडात. खेड शिवापूरला कमरअली दरवेश यांच्या दर्ग्यात ११ जण तर्जनी लावून जड दगड उचलतात, पाहुण्यांना स्वतः बोट लावून बघू द्या. पुढे नसरापूरला बनेश्वर. गर्द झाडीतलं पेशवेकालीन देऊळ, कुंडात मासे आणि वसईच्या मोहिमेतून आल्याचं सांगतात ती पोर्तुगीज घंटा. देवळामागे ओढ्यावर धबधबा आहे, तो लांबूनच बघायचा. इथेही तोच नियम. तिथून पुढे केतकावळ्याचं बालाजी मंदिर करून संध्याकाळच्या आत परत या. एवढ्या एका दिवसात हिरवळ, देव, भाताची खाचरं, सगळं येतं. घाटातल्या वळणावर उभं राहून जे मिळणार होतं त्याहून कितीतरी जास्त.

सिंहगडाला मी नाही म्हणत नाही, म्हणण्याची छातीही नाही. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही यांच्या आड येणारा माणूस पुण्यात टिकत नाही. पण रविवारी नको. गाड्या जास्त झाल्या की घाट बंद करतात, दरड आली की तर बंदच, आणि खडकवासल्याच्या चौपाटीपाशी तास तास हलता येत नाही. मधल्या वारी, सकाळी लवकर. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची बस जाते. गडावर तानाजीची समाधी आणि राजाराम महाराजांची समाधी दाखवा. नुसती भजी खाऊन उतरू देऊ नका.

आता तरुण पाहुण्यांकडे येतो. त्यांना तुमची ही देवळं-तळी नको असतात. जेवताना ताटाशेजारी फोन ठेवून पुतण्या विचारतो, "काका, ते केटूएस कुठून सुरू होतं?" कात्रज ते सिंहगड, रात्रीचा ट्रेक. जुन्या बोगद्याजवळ वाघजाईच्या देवळापासून चढायचं आणि डोंगरधारेने उजाडता उजाडता सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागायचं. टेकड्या कुणी तेरा म्हणतं, कुणी सोळा. दमलेल्या माणसाला प्रत्येक शेवटचीच वाटते आणि पुढे आणखी एक निघते. चांगला ट्रेक आहे, यात शंका नाही. पण तो पावसाळ्याचा नाही आणि नवख्यांचा तर अजिबात नाही. वाटेत पाणी नाही. धुक्यात समोरच्याची पाठ दिसत नाही. प्रत्येक सोंडेवर खाली गावाकडे उतरणाऱ्या ढोरवाटा फुटतात, आणि अंधारात एक वाट चुकली की माणूस भलत्याच दरीत. उघड्या धारेवर वीज पडण्याचा धोका, घसरडं गवत, आणि बिबट्याचा वावर आहेच. पुतण्याला सरळ सांगा, दिवाळी होऊ दे, चांदणी रात्र बघू, ज्यांनी ती वाट उन्हातान्हात अनेकदा केली आहे अशांबरोबर पाठवतो. 'नाही' म्हटलेलं त्याला ऐकू येत नाही, 'नंतर' म्हटलेलं येतं.

आणि त्याला रील करायचीच असेल तर गोष्ट द्या. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तोडून शिवाजी महाराज निसटले तेव्हा कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पेटवले, मोगल फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले, असं सांगतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी इथे शत्रूला चकवलं. आज आपण आपल्याच माणसांना तोच घाट दाखवायचा का? तळ्याच्या काठावर उभं राहून ही गोष्ट सांगितली तर तीही साठ सेकंदांत बसते.

दुकानदारांना आणि रिक्षावाल्या काकांना वेगळं सांगणं. चौकात उतरणारा माणूस पहिला पत्ता तुम्हालाच विचारतो, आम्हा घरच्यांचा नंबर नंतर. "घाट किती लांब आहे?" असं कुणी विचारलं तर किलोमीटर सांगण्याआधी "कशाला जाताय?" विचारा. एवढ्या एका प्रश्नाने माणूस थबकतो. कॉट बेसिसवाल्या घरमालकांनो, तुमच्याकडची मुलं अठरा-एकोणीस वर्षांची, दुसऱ्याच्या बाइकवर तिघं बसून रात्री घाटात चहा प्यायला जाणारी. त्यांचे आईवडील मुलाला सोडायला आलेले असताना त्यांच्यासमोरच हे बोला. नंतर व्हॉट्सअॅपवर पाठवलेला नियम कुणी वाचत नाही.

सोसायट्यांच्या चेअरमन-सेक्रेटरींना विनंती, की गेटवर वॉचमनच्या टेबलापाशी एक कागद लावा. त्यावर फार नको. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद, पाहुण्यांच्या गाड्या ओढ्याकडेला नकोत, घाटात थांबू नये, आणि जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धोक्याच्या जागांवर मनाई आदेश काढतं त्याची ताजी बातमी कुणीतरी रोज बघून लिहावी. निवृत्त मंडळींना हे काम द्या, आनंदाने करतील. आणि कुठल्याही ग्रुपवर 'गुपचूप धबधबा, गर्दी नाही' असं लोकेशन आलं तर पुढे ढकलू नका. गर्दी नसण्याला बहुतेक वेळा कारण असतं.

पाहुणे परत जाताना रिकाम्या हाताने जाऊ नयेत, हीही आपलीच जबाबदारी. आपल्या पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची कात्रज डेअरी दारात आहे. श्रीखंड घ्या, तूप घ्या. सातारा-सांगलीकडच्या माणसाला दुधाचं कौतुक सांगणं म्हणजे धाडसच, पण डब्यावर आपल्या गावाचं नाव आहे.

शेवटी, काही झालंच तर. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, वणवा किंवा बिबट्या-साप अशा वनखात्याच्या कामासाठी १९२६. हे तिन्ही पाहुण्यांच्या फोनमध्ये निघण्याआधी तुमच्या हाताने टाकून द्या. आणि त्यांना सांगून ठेवा की फोन लावला तर नुसतं 'कात्रजच्या बोगद्याजवळ' म्हणू नका. जुना बोगदा की नवा, पुण्याकडे तोंड करून की साताऱ्याकडे, आणि मागे टाकलेलं शेवटचं नाव कुठलं, भिलारेवाडी, वाघजाई, शिंदेवाडी की दरी पूल, एवढं आधी सांगायचं. एका बोगद्यावरून दुसऱ्या बोगद्यावर जायला मदतीच्या गाडीलाही सगळा डोंगर फिरून यावं लागतं.